दमाची मेहनत

कोल्हापुरात पुरुषाची तब्येत अजूनही दंड आणि छातीवरून ठरते. लग्नाच्या मांडवात एखादा रुंद खांद्याचा माणूस आत आला की कुणीतरी हमखास म्हणतं, "गडी तालमीतला दिसतोय." त्या गड्याला दोन जिने चढल्यावर धाप लागते का, हे कुणी विचारत नाही. ते विचारायची वेळ आली आहे असं मला मनापासून वाटतं, म्हणून दमाच्या व्यायामाबद्दल आणि त्यासाठीच्या मशीनींबद्दल हे सगळं सविस्तर लिहितोय.

मी कुस्ती खेळलो नाही, पण पेठेत वाढलो. आमच्याकडे व्यायामाला मेहनत म्हणतात आणि मेहनत म्हणजे जोर, बैठका, सपाटे. हौद्यातल्या लाल मातीत हळद, ताक, लिंबू, तेल मिसळलेलं असतं. तो वास पहाटे तालमीच्या दारातूनच नाकात शिरतो. १९१२ साली शाहू महाराजांनी खासबागचं मैदान उभं केलं. तिथल्या जुन्या निकाली कुस्त्यांच्या गोष्टी आम्ही थोरल्यांकडून ऐकल्या. तेव्हाच्या निकाली कुस्तीला घड्याळ नसायचं. चितपट होईपर्यंत झुंज चालायची आणि बऱ्याचदा ताकदीआधी दम संपायचा. आजच्या मॅटवरच्या कुस्तीत तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या असतात. तेव्हाच्या पैलवानाला मात्र छातीचा भाता दंडाइतकाच भक्कम लागायचा. वस्ताद मंडळी शेकड्यांनी बैठका मारून घ्यायची, त्या एका लयीत, श्वास सांभाळून. पहिल्याच शंभरात घाई करणाऱ्याला वस्ताद हटकायचे. म्हणजे आज ज्याला आपण कार्डिओ म्हणतो, तो हृदयाचा आणि दमाचा व्यायाम तालमीत होताच. आपण तिथली ताकद तेवढी लक्षात ठेवली.

पुढे काय होतं, ते आमच्या घरातच पाहिलं. आमचे दाजी ऐन तारुण्यात तालमीत होते. पंचक्रोशीच्या मैदानांत त्यांनी इनामं घेतली. मग लग्न झालं, एसटीत चालक म्हणून लागले, आणि आखाडा सुटला. खुराक सुटला नाही. गंगावेशीत दूधकट्ट्यावर म्हैस समोर पिळून दिलेलं फेसाळ दूध पिणं हा त्यांचा नेम होता, आणि रविवारच्या तांबड्या-पांढऱ्याला त्यांनी कधी नाही म्हटलं नाही. आठ-आठ तास स्टिअरिंगमागे बसून तो खुराक जिरणार कुठे? पन्नाशी ओलांडली तेव्हा वजन ९८ किलो होतं, गुडघे कुरकुरत होते आणि बीपीची गोळी सुरू झाली होती. दंड मात्र अजून बघण्यासारखे होते. म्हणूनच आम्हा कुणालाच काळजी वाटली नव्हती.

चालकाच्या नोकरीचा आणि हृदयाचा संबंध फार जुना आहे. लंडनमध्ये जेरेमी मॉरिस नावाच्या डॉक्टरांनी दुमजली बसच्या चालकांची आणि वाहकांची तुलना केली. तो अभ्यास १९५३ साली प्रसिद्ध झाला. एकच बस, एकच रस्ता, पगार आणि राहणीही जवळपास सारखीच. पण दिवसभर जिने चढउतार करणाऱ्या वाहकांमध्ये हृदयविकार चालकांपेक्षा कमी आढळला. व्यायाम आणि हृदय यांचं नातं आकड्यांनी दाखवणारं हे पहिल्या कामांपैकी एक. वाहकांनी कुठली मशीन घेतली नव्हती की कुठला विक्रम केला नव्हता. ते दिवसभर थोडं-थोडं चढत राहिले, एवढंच. दाजींना मी हे सांगितलं तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांच्या गाडीवर वर्षानुवर्षं असलेल्या एका वाहकाचं नाव घेऊन म्हणाले, "खरं हाय. ते अजून काटकुळं हाय बघ."

आपल्या मुलखातल्या पुरुषांना ही गोष्ट जास्तच लागू पडते. ५२ देशांत झालेल्या इंटरहार्ट या अभ्यासात (२००४) असं दिसलं, की दक्षिण आशियातल्या माणसाला हृदयविकाराचा पहिला झटका इतरांपेक्षा साधारण पाच-सहा वर्षं आधी येतो. भारतीय पुरुषाच्या कमरेचा घेर ९० सेंटिमीटरच्या वर गेला की डॉक्टर सावध करतात. छातीचं माप सांगणारे मला पुष्कळ भेटतात. कमरेचं सांगणारा क्वचितच.

दाजींना डॉक्टरांनी टीएमटी, म्हणजे ट्रेडमिलच्या सरकत्या पट्ट्यावर चालवून हृदय तपासायची चाचणी, करायला सांगितली. मी सोबत गेलो होतो. आपल्याकडे कितीतरी पुरुषांची ट्रेडमिलशी पहिली गाठ अशी दवाखान्यातच पडते. छातीला चिकटवलेल्या तारा, दंडाला बीपीचा पट्टा, शेजारी कागदावर सरकणारा आलेख. बहुतेक ठिकाणी ही तपासणी अमेरिकेतल्या रॉबर्ट ब्रूस या हृदयरोगतज्ज्ञांनी बसवलेल्या पद्धतीने होते. दर तीन मिनिटांनी वेगही वाढतो आणि चढही. पहिल्या टप्प्यात वेग ताशी जेमतेम २.७ किलोमीटर असतो, पण चढ १० टक्के. दाजी सुरुवातीला हसत चालले. दुसऱ्या टप्प्यात हसणं थांबलं. तिसऱ्यात त्यांनी पुढची दांडी दोन्ही हातांनी घट्ट धरली, मानेवरच्या शिरा ताणल्या आणि तोंडाने श्वास सुरू झाला. ज्या माणसाने एकेकाळी खांद्यावर जोडीदाराला घेऊन बैठका मारल्या, तो सातव्या मिनिटाला "थांबवा" म्हणाला. सुदैवाने आलेखात काही वावगं निघालं नाही. डॉक्टर म्हणाले, हृदय ठीक आहे, दम गेलाय, रोज सावकाश चाला किंवा सायकल मारा.

बाहेर आल्यावर दाजी म्हणाले, "सावकाश म्हंजे? म्हातारा झालो व्हय मी?"

कोल्हापूरच्या पुरुषाची खरी अडचण मला इथे दिसते. आपण ईर्षेवर वाढलेली माणसं आहोत. पेठेपेठेतला फुटबॉल असो, बैलगाडी असो, मिसळीचा कट असो, आपल्याला सगळं जोरातच लागतं. त्यामुळे मशीन घेतली तरी तिच्यावर आपण कुस्ती खेळायला जातो. पहिल्या दिवशी वेग १० वर, दुसऱ्या दिवशी पिंढऱ्या धरलेल्या, पंधरवड्यात मशीनवर टॉवेल वाळत घातलेले. हृदयाला मात्र बहुतांश वेळ सावकाश आणि पुष्कळ काम हवं असतं. अशा बेताच्या, लांबलेल्या मेहनतीने हृदय दर ठोक्याला जास्त रक्त फेकायला शिकतं. स्नायूंतलं केशवाहिन्यांचं, म्हणजे अगदी बारीक रक्तवाहिन्यांचं, जाळं दाट होतं. चरबी इंधन म्हणून वापरायची शरीराची क्षमता वाढते. विश्रांतीतली नाडी हळूहळू खाली येते. हे काम काही महिने चालतं आणि ते घाईने उरकता येत नाही.

सावकाश म्हणजे नेमकं किती, हे ओळखायची सगळ्यात भरवशाची खूण म्हणजे बोलणं. शेजारच्याशी सलग वाक्यं बोलता यायला हवीत, पण पोवाडा म्हणता येऊ नये. पोवाडा जमत असेल तर वेग थोडा वाढवा. "हं", "हो" एवढंच निघत असेल तर कमी करा. आकडेच हवे असतील तर २२० मधून वय वजा करायचं आणि त्याच्या साठ-सत्तर टक्क्यांवर नाडी ठेवायची. ५२ वर्षांच्या माणसाला हे साधारण १०० ते ११८ येतं. पण हा आकडा ढोबळ आहे. बीपीच्या गोळ्यांतला बीटा ब्लॉकर हा प्रकार नाडी दाबून ठेवतो, त्यामुळे तशी गोळी घेणाऱ्याला हे गणित लागूच पडत नाही. मशीनची दांडी धरल्यावर पडद्यावर दिसणारी नाडीही फार विश्वासाची नसते. दाजींना मी बोलण्याचीच खूण दिली आणि ती त्यांना लगेच पटली, कारण बोलल्याशिवाय त्यांना राहवत नाही.

मग आम्ही राजारामपुरीत मशीन बघायला गेलो. आक्का बरोबर होती, भाचाही आला. दाजींच्या मनात ट्रेडमिलच होती, तीही दुकानातली सगळ्यात मोठी. दुकानदाराने चार एचपीची मोटर म्हणून सांगितलं. मी विचारलं, पीक की कंटिन्युअस? पाटीवर मोठ्या अक्षरात लिहिलेला आकडा बहुधा पीकचा असतो, म्हणजे मोटर क्षणभर किती ताकद काढू शकते त्याचा. सलग चालताना किती देते, तो कंटिन्युअसचा आकडा बघायचा. नुसतं चालायचं असेल तर दोनच्या आसपास पुरतो, धावायचं असेल तर अडीच-तीन हवा. मशीन किती वजन पेलते तेही बघायचं, आणि आपल्या वजनापेक्षा तो आकडा पंधरा-वीस किलोंनी जास्त असावा. धावणाऱ्याला पट्टा साधारण ५० सेंटिमीटर रुंद आणि १४० सेंटिमीटर लांब लागतो. उंच माणूस आखूड पट्ट्यावर पाय आखडता घेतो आणि कंबर धरून बसतो.

ट्रेडमिल पारखायची एक सोपी रीत सांगतो. दुकानात सगळे वेग वाढवून बघतात. तुम्ही कमी करून बघा. ताशी तीनवर ठेवा आणि घरातल्या सगळ्यात जड माणसाला चालायला सांगा. वजनदार माणूस आणि कमी वेग, यातच मोटरची परीक्षा होते. दाजी त्या मशीनवर चढले, आणि त्यांचं पाऊल टेकलं की पट्टा किंचित अडखळायचा, पुन्हा सुटायचा. हात ठेवला तर जाणवेल एवढंच. पण ९८ किलोंच्या माणसाला रोज अर्धा तास त्यावर चालायचंय. दाजी स्वतःच खाली उतरले. गाडीचं इंजिन ज्याने आयुष्यभर कानाने ओळखलं, त्याला हे समजावून सांगावं लागलं नाही.

ट्रेडमिलबद्दल आणखी थोडं, कारण सगळ्यात जास्त पैसे तिच्यातच अडकतात. दांडी धरून चालू नका. हात टेकले की शरीराचं काम कमी होतं, पण पडद्यावरच्या कॅलरी तशाच वाढत राहतात. धावताना चढ एक टक्का ठेवला तर बाहेरच्या रस्त्यासारखं पडतं. सुरक्षेची दोरी कपड्याला अडकवा, घरात लहान मूल असेल तर तिची किल्ली काढून वर ठेवा. पट्ट्याखाली वेळच्या वेळी सिलिकॉन तेल घाला. ज्यांचे गुडघे शाबूत आहेत, चालणं आवडतं आणि बाहेर जाणं जमत नाही, त्यांना ही मशीन उत्तम.

दाजींचे गुडघे शाबूत नव्हते. म्हणून घरात जागेवरच मारायची सायकल. बसून चालवायच्या सायकलीत शरीराचं वजन खोगीर पेलतं, गुडघ्यावर आदळआपट होत नाही. चुंबकाच्या विरोधावर चालणारी घेतली तर आवाज जवळजवळ नसतो आणि झिजायलाही फारसं काही नसतं. पाठीचा त्रास असेल तर टेकून बसायची, पाय पुढे ठेवायची सायकल मिळते. पंख्याची एअरबाईक मात्र जितकी जोरात माराल तितकी जड होत जाते, त्यामुळे ईर्षेच्या माणसापासून ती लांबच असलेली बरी. खोगिराची उंची नीट लावायला शिका. टाच पेडलवर ठेवून पेडल सगळ्यात खाली न्या, तिथे पाय सरळ झाला पाहिजे. मग चवडा ठेवून मारताना गुडघ्यात हवा तेवढा बाक आपोआप राहतो. खोगीर खाली ठेवून सायकल मारणारे आणि मग गुडघा दुखतो म्हणून सोडून देणारे मी फार पाहिलेत.

इलिप्टिकल म्हणजे उभं राहून लंबगोल फिरणाऱ्या पेडलांवर चालायची मशीन. तिच्यावर पाय पेडलवरून उचलला जात नाही, त्यामुळे तीही गुडघ्याला सोसते. पण स्वस्तातली डुलते आणि तिचं पाऊल आखूड पडतं. उंच माणसाने चढून बघितल्याशिवाय घेऊ नये.

कोपऱ्यात एक रोइंग मशीन होती, नाव वल्हवल्यासारखी बसून दांडी ओढायची. दाजी सहज तिच्यावर बसले, दांडी धरली आणि पहिल्याच ओढीला हाताने हिसडा मारला. दुकानातल्या पोराने समजावलं, आधी पाय रेटा, मग पाठ मागे न्या, हात शेवटी ओढा, आणि येताना याच्या उलट. चार-पाच ओढीत त्यांना लय सापडली. पाय रेटून पाठीने ओढायचं काम त्यांच्या अंगात मुरलेलंच होतं. चेहरा असा उजळला की आक्का माझ्याकडे बघून हसली. पैलवानकी केलेल्या माणसाला हीच मशीन सगळ्यात जवळची वाटेल असं माझं मत त्या दिवशी झालं. एकाच वेळी पाय, पाठ आणि हात कामाला लागतात, मिनिटाला वीसेक ओढी ठेवल्या तर श्वासही ताब्यात राहतो. पण तिला आठ फूट जागा लागते, गुडघे पूर्ण दुमडावे लागतात आणि किंमत सायकलीपेक्षा चढी. शेवटी सायकलच घेतली.

घरात मशीन हवीच का, असं पुष्कळ जण विचारतात. रंकाळा आहे, विद्यापीठाचा परिसर आहे. बरोबर आहे. दसऱ्यापासून मेअखेरपर्यंत पहाटेच्या रंकाळ्यासारखी व्यायामाची जागा मला दुसरी माहीत नाही. पण जून लागला की आपल्याकडे पाऊस ठाण मांडतो. पंचगंगा पात्राबाहेर पडते, राजाराम बंधारा पाण्याखाली जातो, पदपथ निसरडे होतात. लावलेली सवय बहुतेकांची याच महिन्यांत मोडते आणि दिवाळीपर्यंत परत लागत नाही. मशीनचं खरं काम या चार महिन्यांत आहे. पावसात वीजही जाते. तेव्हा ट्रेडमिल बंद पडते, साधी चुंबकाची सायकल आणि रोइंग चालू राहतात. दहा फुटांची मोकळी जागा आणि दोरीवरच्या उड्या हाही मार्ग आहे, पण तो हलक्या अंगाच्या, तरुण माणसासाठी. दोरीच्या मध्यावर पाय ठेवला की मुठी काखेपर्यंत आल्या पाहिजेत, एवढं माप पुरे.

तरुणांची गोष्ट वेगळी आहे म्हणतात, पण भाच्याचं बघून मला तसं वाटेना. तो पोलीस भरतीची तयारी करतोय. मैदानी चाचणीचे ५० गुण, त्यातले २० एकट्या १६०० मीटरला. पहाटे मैदानावर गेलात तर अशी पन्नास पोरं घड्याळ लावून जीव तोडून पळताना दिसतील. रोज १६०० मीटर, रोज पूर्ण ताकदीने. महिन्याभरात नडगी दुखायला लागते आणि वेळ तिथेच अडकते. पोरं गरिबीतून, जिद्दीने येतात. त्यांना कुणी नीट सांगत नाही याचं मला वाईट वाटतं. भाच्याला म्हटलं, आठवड्यातले चार दिवस गप्पा मारत पळ, पाच-सहा किलोमीटर. एकच दिवस जोराचा. चार मिनिटं जोरात, तीन मिनिटं हळू, असं चार वेळा. एक दिवस जोर-बैठका.

तो म्हणाला, "मामा, हळू पळून वेळ कशी कमी होईल?"

मी म्हटलं, जोराच्या दिवशी खरोखर जोर लावता यावा म्हणून बाकीचे दिवस हळू.

तो मोबाईलवर ताबाता बघून रोज करायचा. वीस सेकंद जोर, दहा सेकंद विश्रांती. इझुमी ताबाता या जपानी संशोधकांचं १९९६ सालचं ते काम प्रयोगशाळेतल्या सायकलवर झालं होतं, तंदुरुस्त तरुणांवर, आणि त्यातला जोर शेवटी पाय उचलेनासे होतील इतका होता. घरी उड्या मारत रोज केलेला प्रकार म्हणजे ते नव्हे. पन्नाशीच्या बीपीवाल्या माणसाने तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्याच्या वाटेला जाऊच नये. चालताना छातीत दाब आला, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ गेली, घाम फुटला, तर मेहनत तिथेच थांबवून दवाखाना गाठायचा. "गॅस असेल" म्हणत घरी झोपलेली माणसं आपण सगळ्यांनीच गमावलीत.

जागतिक आरोग्य संघटनेचं २०२० सालचं मार्गदर्शन आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम मेहनत सांगतं, आणि शिवाय दोन दिवस ताकदीचा व्यायाम. म्हणजे तालीम सोडायची नाही. पाच दिवस अर्धा-अर्धा तास दमाचं काम तिच्याशेजारी आणायचं. वजनासाठी मात्र मशीनवर भिस्त ठेवू नका. ८० किलोच्या माणसाने अर्धा तास झपाझप चालून साधारण दीडशे ते दोनशे कॅलरी जातात, आणि मटणाच्या ताटावरच्या दोन भाकरीत त्या भरून येतात. ताटाचा हिशेब ताटातच करावा लागतो. दाजींनी दूध सोडलं नाही, पण ग्लास लहान केला.

सायकल त्यांनी बैठकीच्या खोलीत, टीव्हीसमोर ठेवली. आतल्या खोलीत ठेवलेली मशीन विसरली जाते, म्हणून मीच तसा आग्रह धरला. तरी एक गोष्ट मला खटकत राहिली. तालमीत माणूस एकटा मेहनत करत नव्हता. शेजारी जोडीदार असायचा, वस्तादांची नजर असायची, न आल्यास घरी निरोप यायचा. दाजी एकटेच पेडल मारतात आणि आक्का गावाला गेली की त्यांचा नेम मोडतो. आपल्या पेठांत तालीम मंडळांच्या इमारती आहेत, बऱ्याच ठिकाणी जिम झालीये, पण तिथे वजनं उचलणाऱ्या पोरांचीच जागा असते. तिथेच एका भिंतीला दोन सायकली आणि एक रोइंग मशीन ठेवली, संध्याकाळचा एक तास जुन्या पैलवानांसाठी राखला, बीपी मोजायचं यंत्र टेबलावर ठेवलं, तर किती घरांचं भलं होईल! खर्च एखाद्या मंडळाला जड जाणारा नाही. सायकल दहा-पंधरा हजारांपासून मिळते.

दाजींना हे बोललो. ते पेडल मारतच होते. म्हणाले, "सायकली नकोत. ती ओढायची मशीन घ्या म्हणावं. सायकल माझी हाय की, नेऊन ठेवतो." आता या रविवारी आम्ही दोघं त्यांच्या तालमीत जाऊन भिंतीची लांबी मोजणार आहोत.